कानाचा दोष, नाव भलत्याचंच



आजचा विषय घरोघरी आहे, पण तो कानाचा विषय म्हणून क्वचितच बोलला जातो. सत्तरी ओलांडलेले बाबा बाहेरच्या खोलीत बसलेले असतात. सून विचारते, "बाबा, भाजी कुठली करू?" उत्तर येत नाही. ती आवाज चढवून पुन्हा विचारते. बाबा उखडतात, "ओरडतेस कशाला? मी काय बहिरा आहे?" घरात ठरून जातं की बाबा हल्ली चिडके झालेत. दुसऱ्या घरात दोन वर्षांचं पोर हाकेला वळत नाही. ते हट्टी ठरतं. तिसऱ्या घरात पन्नाशीच्या ताईंना अंथरुणात कूस बदलली की खोली गरगर फिरते. त्यांना 'मानेचे मणके' असं सांगून गळ्यात पट्टा अडकवला जातो. तिन्ही ठिकाणी दोष कानात असतो आणि नाव भलत्याचंच झालेलं असतं. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे ही माणसं येतात, ती बहुधा त्या भलत्या नावाखाली बराच काळ घालवून. तो काळ कसा वाचवता येईल, एवढ्याचसाठी मी आज उभा आहे.

बाबांपासून सुरुवात करू. "मी बहिरा नाही" असं ते म्हणतात, ते खोटं नसतं. त्यांना आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. असं का होतं हे समजायला कानाच्या आत डोकवावं लागेल. आवाजाने पडदा हलतो, पडद्यामागची हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडं ती हालचाल पुढे पोचवतात. रिकीब हे आपल्या शरीरातलं सर्वांत लहान हाड, जेमतेम ३ मिलिमीटरचं. त्याच्यापलीकडे अडीच वेटोळ्यांची, द्रवाने भरलेली पोकळी आहे. तिला कॉक्लिआ म्हणतात. उलगडली तर ती साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास भरेल. तिच्यात जन्मतः आवाज टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केशपेशी असतात. पक्ष्यांमध्ये मेलेल्या केशपेशी नव्याने उगवतात. माणसाच्या कॉक्लिआत गेली ती गेली.

या पोकळीत सूर वाटून दिलेले आहेत. गेऑर्ग फॉन बेकेशी हे बुडापेस्टच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम करणारे संशोधक. टेलिफोन सुधारायचा तर कान कसा ऐकतो हे आधी समजलं पाहिजे, म्हणून ते कानात शिरले. मृत माणसांच्या कानातली कॉक्लिआ उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी आवाजाची लाट आतल्या पडद्यावरून सरकताना पाहिली. उंच सुरांची लाट प्रवेशाशीच ओसरते, खर्जाची लाट टोकापर्यंत जाते. १९६१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. वय वाढतं तसा आधी झिजतो तो हाच प्रवेशाजवळचा, उंच सुरांचा भाग.

आता मराठी बोलणं घ्या. आपले स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात. स, श, फ, ख या व्यंजनांची ओळख पटते ती मात्र उंच पट्टीतल्या हलक्या आवाजांवरून. भाजीवाला म्हणतो "साठ", आणि बाबांपर्यंत पोचतो तो फक्त 'आ' हा स्वर. मग साठ की आठ, पाठ की गाठ, हे मेंदूने संदर्भावरून ताडायचं. समोरासमोर, शांत खोलीत हे जमून जातं. लग्नाच्या हॉलमध्ये किंवा टीव्ही चालू असताना जमत नाही. मुलाचा जाड आवाज कळतो, नातीचा बारीक आवाज कळत नाही. घरच्यांना वाटतं, "यांना हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं." हा आरोप मी कित्येक वेळा ऐकलेला आहे, आणि तो अन्यायाचा आहे.

दुसरीही एक गोष्ट होते. केशपेशींची एक जात बारीक आवाज वाढवण्याचं काम करते. ती मेली की हळू बोललेलं मुळीच ऐकू येत नाही, पण आवाज एका मर्यादेपलीकडे गेला की तो एकदम अंगावर येतो. म्हणून आधी "काय?" आणि लगेच "ओरडू नकोस." ही चिडचिड स्वभावातून आलेली नसते. अशा माणसाशी बोलताना ओरडू नये. समोर यावं, चेहऱ्यावर उजेड असावा, आणि एकदा कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा न म्हणता शब्द बदलावेत.

यंत्राबद्दल थोडंच बोलतो. श्रवणयंत्र शुद्ध स्वरांची तपासणी, म्हणजे ऑडिओमेट्री, केल्यानंतर त्या आलेखानुसार बसवायचं असतं. जाहिरात पाहून मागवलेलं यंत्र सगळाच आवाज सारखा वाढवतं. बाबा दोन दिवस लावतात आणि ते कपाटात जातं. नीट बसवलेल्या यंत्रालाही मेंदू सरावायला काही आठवडे लागतात. पंख्याचा, भांड्यांचा, आपल्याच पावलांचा आवाज पहिल्यांदा असह्य होतो. तेवढे आठवडे घरच्यांनी धीर द्यायचा असतो. 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२० मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण बदलता येण्याजोग्या १२ गोष्टी मांडल्या. त्यांत मध्यम वयात कमी ऐकू येणं ही एक आहे. यंत्र लावलं म्हणजे विसराळूपणा टळेलच, असं मी म्हणणार नाही. पण चारचौघांतून उठून खोलीत जाऊन बसणारा माणूस आपण गमावतो आहोत, हे दिसत असताना थांबायचं कशाला?

आता लहान मूल. आपल्याकडे बाळाचे कान तपासायची घरगुती रीत म्हणजे मागे उभं राहून थाळी वाजवणं. बाळ दचकलं, की सगळे निर्धास्त. थाळीचा दणका इतका मोठा असतो की बराचसा बहिरेपणा असलेलं बाळही दचकेल. कधी ते आवाजाला दचकतच नाही, जमिनीचा हादरा किंवा हलणारी सावली त्याला पुरते. "याचा बापही उशिराच बोलायला लागला होता," असं आजी प्रेमाने म्हणते आणि त्या प्रेमात वर्ष जातं.

हे वर्ष फार महाग असतं. भाषा उमजण्याची मेंदूची पहिली वर्षं परत येत नाहीत. जगभर मानलेला नियम असा: एका महिन्याच्या आत चाळणी तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचाराला सुरुवात. चाळणी तपासणी झोपलेल्या बाळावर काही मिनिटांत होते. निरोगी कॉक्लिआ आवाज ऐकल्यावर स्वतःही अगदी क्षीण आवाज बाहेर टाकते. लंडनचे डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये हे दाखवून दिलं. बाळाच्या कानात बारीक नळी ठेवून तो आवाज टिपायचा, इतकंच. शंका आली तर पुढची 'बेरा' तपासणी, म्हणजे आवाजाचा संदेश मेंदूकडे पोचतो का ते पाहणं. आतल्या कानात शस्त्रक्रियेने बसवायच्या यंत्रासाठी, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, गरजू मुलांना केंद्राच्या एडीआयपी योजनेतून मदत मिळते. शस्त्रक्रिया मात्र अर्धंच काम आहे. पुढे काही वर्षं वाचा-उपचार चालतात, आणि त्या काळात आईच बहुतेक वेळा मुलाची पूर्णवेळ शिक्षिका होते. ज्या घरी इम्प्लांट शक्य नाही किंवा नको आहे, तिथे सांकेतिक भाषा पहिल्या वर्षापासून द्या. ती पुरी भाषा आहे. मुलाचं खरं नुकसान करतं ते कुठलीच भाषा न मिळणं.

आवाजाने होणाऱ्या नुकसानीवर आमच्या भागात बोलायलाच हवं. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागांवर आवाज ९० डेसिबलच्या पुढे राहतो. ८५ डेसिबलमध्ये आठ तास कान निभावतो. त्यावर दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. माग चालवणारा शेजारच्याशी ओठ वाचून बोलतो, हे त्याला कौशल्य वाटतं. त्याचा आलेख काढला तर ४००० हर्ट्झपाशी खड्डा असतो. कायद्यात या बहिरेपणाची नोंद व्यवसायजन्य आजार म्हणून करायची तरतूद आहे, पण त्यासाठी आधी तपासणी व्हायला हवी. ढोल-ताशा पथकातल्या तरुण मुलामुलींनाही माझी विनंती आहे. गणपतीआधी आठवडेच्या आठवडे तालीम चालते. कापसाचा बोळा फारसं काही अडवत नाही. फोमचे इअरप्लग काही रुपयांत मिळतात, ते पिळून, कान वर ओढून नीट आत बसवा. वाजवून घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर कानावर मार बसलाय हे समजा.

आता तोल. माझ्या मते कानाच्या कामातला हा सर्वांत सुंदर भाग, आणि सर्वांत जास्त चुकीची औषधं इथेच दिली जातात.

कॉक्लिआला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत, तीन वेगवेगळ्या दिशांना. डोकं वळलं की नलिका वळते, आतला द्रव जरा मागे राहतो आणि मेंदूला वळण्याची खबर मिळते. फुगडी थांबवल्यावरही अंगण फिरत राहतं, कारण शरीर थांबलं तरी नलिकेतला द्रव अजून चालतच असतो.

या नलिकांचा अभ्यास एका रुग्णाच्या तक्रारीतून पुढे गेला. व्हिएन्नाचे रॉबर्ट बाराणी कान पाण्याने धुवायचे तेव्हा काहींना भोवळ यायची. एका रुग्णाने सांगितलं की पाणी गार असलं तरच त्याला चक्कर येते. पुढे एकदा पाणी जास्तच गरम निघालं तेव्हाही चक्कर आली, पण बाराणींच्या लक्षात आलं की या वेळी डोळ्यांचे झटके उलट दिशेला आहेत. त्यांनी उलगडा केला: पाण्याने कानाजवळच्या नलिकेतला द्रव गार झाला की खाली जातो, गरम झाला की वर येतो, आणि डोकं स्थिर असूनही मेंदूला ते वळल्यासारखं वाटतं. या कामासाठी १९१४ चं नोबेल त्यांना जाहीर झालं तेव्हा ते रशियाच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होते. स्वीडनच्या प्रिन्स कार्ल यांच्या मध्यस्थीने १९१६ मध्ये ते सुटले. एका कानाचा तोल किती शाबूत आहे हे आजही आम्ही ३० आणि ४४ अंशांचं पाणी घालून पाहतो.

आता त्या पन्नाशीच्या ताई. नलिकांच्या शेजारी तोलाचं आणखी एक इंद्रिय आहे, त्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे बसवलेले असतात. वय, डोक्याला मार, अशा कारणांनी काही खडे सुटतात आणि नलिकेत, बहुधा मागच्या नलिकेत, जाऊन पडतात. मग कूस बदलली, फळीवरचा डबा काढायला मान वर केली की खडे घरंगळतात आणि खोली फिरते. हे मिनिटभरही टिकत नाही. ऐकू येण्यात फरक नसतो. याला बीपीपीव्ही म्हणतात. एक्स-रेमध्ये ते दिसत नाही. मणक्यांची झीज मात्र पन्नाशीनंतर बहुतेकांच्या एक्स-रेत दिसते, म्हणून दोष तिच्यावर जातो. पट्टा येतो, चक्करेच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालतात. त्या गोळ्या फार दिवस घेतल्या तर मेंदूची तोल सावरून घेण्याची शक्तीच मंदावते.

निदान पलंगावर होतं. उजव्या कानाची शंका असेल तर मान ४५ अंश उजवीकडे वळवायची आणि रुग्णाला चटकन आडवं करायचं, डोकं पलंगाच्या कडेखाली जरा लोंबतं ठेवून. डोळे उघडे. दोन-चार सेकंद काहीच होत नाही. मग बुबुळं वर आणि गोल झटके देऊ लागतात, ताई माझा हात घट्ट पकडतात, आणि अर्ध्या मिनिटात झटके विरतात. ही डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये सांगितलेली तपासणी. तिथून पुढे उपचारच सुरू होतो. मान ९० अंश डावीकडे, थोडं थांबायचं. मग सगळं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, पुन्हा थांबायचं. मग पाय खाली सोडून उठून बसायचं. खडे ज्या वाटेने आले त्याच वाटेने बाहेर पडतात. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे जॉन एप्ली यांची ही युक्ती. इतकी साधी गोष्ट कामाची असेल यावर त्यांच्या सहकाऱ्यांचा आधी विश्वासच बसला नाही. १९९२ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली आणि आज ती जगभर वापरली जाते. बऱ्याच जणांना एका बैठकीत आराम पडतो, काहींना पुन्हा करावी लागते. मात्र ती पहिल्यांदा डॉक्टरांकडूनच करून घ्या, कारण कुठला कान आणि कुठली नलिका हे आधी ठरावं लागतं.

चक्कर काही तास टिकत असेल, सोबत कानाला दडे बसल्यासारखं होऊन त्यात गुणगुण येत असेल आणि ऐकणं कमी-जास्त होत असेल, तर तो मेनिएरचा आजार असू शकतो. गरगरण्याचं मूळ मेंदूऐवजी कानात असू शकतं, हे पॅरिसच्या प्रॉस्पेर मेनिएर यांनी १८६१ मध्ये मांडलं. या आजाराचे उपचार वेगळे आहेत. आणि चक्करेसोबत जीभ जड झाली, एकाचे दोन दिसू लागले, हातपाय लुळे पडले किंवा उभंच राहवेना, तर कानाच्या डॉक्टरांची वाट न पाहता सरळ मोठं रुग्णालय गाठा. तो पक्षाघात असू शकतो.

शेवटचं, आणि घाईचं. सकाळी उठलं की एक कान बंद वाटतो, फोन लावला की त्या कानाने काहीच कळत नाही. "मळ असेल, पाणी गेलं असेल" म्हणून औषधाच्या दुकानातून थेंब आणले जातात, कुणी कोमट तेल घालतं. अचानक एका कानाचं ऐकणं जाणं ही आतल्या कानाची तातडीची अवस्था असू शकते. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त होतो, दोन आठवड्यांनंतर तो फार कमी उरतो. डॉक्टर एक नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) वाजवून कपाळाच्या मध्यावर टेकवतील आणि आवाज कुठल्या कानात येतो ते विचारतील. मळ असेल तर आवाज बंद कानात येतो. आतला कान गेला असेल तर तो चांगल्या कानात येतो. एवढं दोन मिनिटांत कळतं. इथे बसलेल्यांपैकी कुणाला, किंवा घरी कुणाला, या आठवड्यात असं झालेलं असेल, तर तेल-थेंब राहू द्या आणि उद्या सकाळीच त्यांना तपासायला घेऊन या.