परवानामुक्त लहरी आणि फाइलींचा प्रवास

स्मार्टफोनमधील टिपणांची फाइल वायरशिवाय संगणकावर पोहोचते, तेव्हा तिच्यामागे एक आर्थिक धोरण उभे असते. रेडिओ वर्णपट ही मर्यादित राष्ट्रीय साधनसंपत्ती असून तिच्या वापरासाठी सामान्यतः परवाना आवश्यक असतो. मात्र जानेवारी २००५ मध्ये भारत सरकारने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. ब्लूटूथ याच पट्ट्यात चालते. वाय-फायही त्याचा उपयोग करते.

फोन आणि संगणक एकाच राउटरला जोडलेले असल्यास फाइल स्थानिक जाळ्यातूनच पाठविता येते. इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही. मोबाइल डेटावर ई-मेलचा मार्ग धरल्यास तीच फाइल आधी वर चढते, मग खाली उतरते आणि खर्च दुप्पट होतो. मर्यादित डेटा असलेल्या विद्यार्थ्यासाठी हा फरक मोलाचा आहे. ब्लूटूथला राउटरही लागत नाही. परंतु वेग कमी असल्याने ते लहान फाइलींनाच सोयीचे ठरते.

सामायिक साधन शिस्तीनेच टिकते. म्हणूनच उपकरणांच्या शक्तीवर कमाल मर्यादा घातलेली आहे. वापरकर्त्यानेही सार्वजनिक संगणकाशी केलेली जोडणी काम संपताच तोडावी व आपली फाइल तेथून पुसावी. परवानामुक्त म्हणजे जबाबदारीमुक्त नव्हे.