गाडी, पोलीस आणि आपला होकार

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढून टाकली आहे.)



मी वकील नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी कॉम्प्युटरवाला, म्हणजे या खोलीतल्या निम्म्या लोकांसारखाच. तरीही या विषयावर मी बोलावं असा आग्रह मी स्वतःच धरला, कारण एक गोष्ट वीसेक वर्षं माझ्या मनात अडकून राहिली आहे. ती सांगतो आणि मग कायद्याकडे वळतो.

२००४ सालचा हिवाळा. आम्ही चौघं एडिसनहून प्रिन्स्टनच्या बाजूला कारपूल करून कामाला जायचो. त्या आठवड्यात गाडी माझी होती. मागच्या सीटवर नाशिककडची एक मुलगी बसायची. अमेरिकेत येऊन तिला जेमतेम सहा महिने झाले होते. संध्याकाळी परतताना मागे निळे-लाल दिवे लागले. माझा एक टेललाइट गेला होता. पोलीस आला, कागद पाहिले, परत आला. मग अगदी सहज आवाजात म्हणाला, "गाडीत एकदा नजर टाकली तर चालेल ना?" आणि मी म्हणालो, "हो हो, शुअर, शुअर."

आम्हा चौघांना कडेला थंडीत उभं केलं. डिकी उघडली, सीट उचलल्या, आणि मग आमच्या चारही बॅगा डिकीवर ठेवून एकेक वस्तू बाहेर काढली. त्या मुलीच्या बॅगेत काही औषधं होती आणि डॉक्टरांचे कागद होते. ते तिने घरच्यांना सांगितलं नव्हतं, आम्हाला सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता. पोलिसाने ते मोठ्याने वाचले, "हे कुणाचं?" म्हणून विचारलं. चाळीस मिनिटांनी टेललाइट बदला म्हणून सांगून त्याने आम्हाला सोडलं. दंडसुद्धा केला नाही. मी मनातल्या मनात त्याचे आभार मानले, हे कबूल करायला आज लाज वाटते.

गाडीत कुणी बोललं नाही. उतरताना ती एवढंच म्हणाली, "दादा, माझ्या बॅगेचं 'हो' तुम्ही कसं म्हणालात?" सोमवारपासून ती कारपूलमध्ये आली नाही.

मला कितीतरी वर्षं वाटायचं की बोलून चालून पोलीस तो, नाही म्हटलं असतं तर त्याने काय सोडलं असतं? पुढे थोडं वाचन केलं तेव्हा कळलं की त्या संध्याकाळी त्याला तो प्रश्न विचारण्याचाही अधिकार नव्हता. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००२ मध्ये 'स्टेट विरुद्ध कार्टी' या खटल्यात सांगितलं आहे की रहदारीच्या साध्या नियमभंगासाठी थांबवलेल्या गाडीची झडती घ्यायला संमती मागायची, तर आधी गुन्हा घडत असल्याचा काही सांगता येण्याजोगा संशय हवा. टेललाइट जाणं हा तसा संशय नव्हे. त्याही आधी, १९७५ सालच्या 'जॉन्सन' खटल्यापासून या राज्यात नियम आहे की आपल्याला नकार देता येतो हे माहीत असलेल्या माणसाची संमतीच खरी. मला माहीत नव्हतं. म्हणजे माझं ते 'शुअर, शुअर' कायद्याच्या दृष्टीने कवडीमोलाचं होतं. पण कोर्टात कोण जातंय? डिकीवर मांडलेली बॅग कोर्टाने काही परत बंद होत नाही.

आता हा २००२ सालचा निकाल आकाशातून पडला नाही. तो कुणाच्या जिवावर मिळाला, हे आपल्या लोकांनी ऐकण्यासारखं आहे. न्यू जर्सी टर्नपाइकवर कृष्णवर्णीय ड्रायव्हरांना वेचून थांबवतात, ही ओरड ऐंशीच्या दशकापासून होती. १९९६ साली ग्लॉस्टर काउंटीतल्या एका न्यायाधीशांनी 'सोटो' खटल्यात ती ओरड खरी असल्याचा निष्कर्ष काढला. राज्य सरकार त्यावर अपिलात गेलं. एप्रिल १९९८ मध्ये टर्नपाइकवर एक व्हॅन थांबवली गेली. आत बास्केटबॉलसाठी निघालेले चार तरुण, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. दोन पोलिसांनी अकरा गोळ्या झाडल्या, तिघे जखमी झाले. मग १९९९ मध्ये सरकारने मान्य केलं की हो, असा भेदभाव होतो. त्याच वर्षाच्या शेवटी राज्य पोलिसांवर केंद्राची देखरेख बसली, ती २००९ पर्यंत होती.

आणि त्याच काळात आपल्या पॉटलकला काय बोलणं चालायचं? "त्यांनी काहीतरी केलं असेल, उगाच कोण थांबवतं?" मीही तसंच बोलायचो. ज्यांच्याबद्दल आपण असं बोललो, त्यांनीच लढून मिळवलेला हक्क माझ्या गाडीतल्या मुलीची बॅग वाचवू शकला असता. मला तो माहीत नव्हता, कारण तो 'त्यांचा' प्रश्न होता.

असो. आता कामाचं बोलू.

आपली पहिली अडचण म्हणजे आपण पुण्या-मुंबईच्या सवयी बरोबर घेऊन आलो आहोत. तिकडे मामांनी शिट्टी मारली की आपण गाडी लावतो, उतरतो, हसत हसत जवळ जातो, "साहेब, जाऊ द्या ना" म्हणतो. इथे गाडीतून उतरून पोलिसाकडे चालत गेलात, तर तो ते आक्रमण समजू शकतो. कडेला घ्या, इंजिन बंद करा, रात्र असेल तर आतला दिवा लावा, हात स्टिअरिंगवर ठेवा. त्याने मागण्याआधी ग्लव्ह बॉक्समध्ये हात घालू नका. "कागद समोरच्या कप्प्यात आहेत, काढतो" असं सांगून मग काढा. चिरीमिरीचा विषय तर चेष्टेतही नको.

लायसन्स, रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स, ही तीन कागदपत्रं द्यावीच लागतात. त्यात हक्कबिक्क काही नाही. गाडीतून उतर म्हणाला, तर उतरायचं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच पोलिसांना तो अधिकार दिला आहे. पण "कुठून आलात, कुठे चाललात, किती ड्रिंक्स घेतली" या प्रश्नांची उत्तरं देणं बंधनकारक नाही. खोटं मात्र कधीही बोलू नका. गप्प बसणं आणि खोटं बोलणं यात कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

झडतीबद्दल विचारलं, तर एकच वाक्य: "सर, माझी झडतीला संमती नाही." इंग्रजीत पाठ करून ठेवा. आवाज चढवायचा नाही, दार अडवायचं नाही. आपल्याला 'नाही' म्हणणं उद्धटपणाचं वाटतं, विशेषतः युनिफॉर्मसमोर. लहानपणापासून तेच शिकवलेलं असतं. पण हे 'नाही' त्या माणसासाठी नसून पुढच्या न्यायाधीशासाठी असतं. त्याच्याकडे सबळ कारण असेल, म्हणजे समोरच काही बेकायदा वस्तू दिसत असेल, तर तो तुमच्या संमतीशिवायही झडती घेईल. त्या वेळी हात लावून अडवायला गेलात, तर एवढ्याशा टेललाइटचं प्रकरण अटकेपर्यंत जाईल. नकार नोंदवा आणि बाजूला उभे राहा. भांडण कोर्टात.

तिकीट देऊन झाल्यावर कुत्र्याला आणेपर्यंत थांबवून ठेवणं चालत नाही. २०१५ च्या 'रॉड्रिगेझ' खटल्यात प्रश्न अवघ्या सात-आठ मिनिटांचा होता, तरीही कोर्टाने कारणाशिवाय ती मिनिटं अवैध ठरवली. म्हणून नम्रपणे विचारायचं, "मी जाऊ शकतो का?" फोनची झडती वॉरंटशिवाय नाही, हा २०१४ चा 'रायली' निकाल. पोलिसाने फोन नुसता "दाखव" म्हटला म्हणून अनलॉक करून हातात देऊ नका. इन्शुरन्स कार्ड फोनवर असणाऱ्यांनी कागदाची प्रत गाडीत ठेवा. पोलिसांचं चित्रीकरण करता येतं. आपल्या भागाला लागू असणाऱ्या फेडरल अपील कोर्टाने २०१७ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. पण अंतर ठेवून, आणि हातात काय आहे हे त्याला दिसेल असं.

आणि मागे बसलेल्यांसाठी: गाडी थांबवली की तुम्हीही कायद्याने थांबवलेले असता, म्हणून त्या थांबवण्याला आव्हान देण्याचा हक्क तुम्हालाही आहे. तो २००७ चा निकाल. ड्रायव्हरने 'हो' म्हटलं, तरी "ही बॅग माझी आहे, माझी संमती नाही" असं तुम्ही स्वतः सांगा.

एका ठिकाणी मात्र 'नाही' म्हणणं महागात पडतं, आणि ते म्हणजे श्वासाची चाचणी. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या संशयावरून अटक झाली आणि ठाण्यावर यंत्रात फुंकायला नकार दिला, तर न्यू जर्सीत तो नकार हाच वेगळा गुन्हा धरतात. शिवाय एच-१बी वाल्यांनो, या राज्यात दारू पिऊन गाडी चालवणं कागदोपत्री रहदारीचा गुन्हा असला, तरी २०१५ पासून परराष्ट्र खातं नुसत्या अटकेवरून पासपोर्टमधला व्हिसा रद्द करू शकतं. दोष सिद्ध होण्याची वाट पाहत नाहीत. भारतात लग्नाला गेलेला माणूस तिकडेच अडकून पडतो. दोन पेग घेतले असतील तर टॅक्सी बोलवा, यावर मला वाद नको.

इमिग्रेशनचं थोडक्यात. अठरा वर्षांवरील परदेशी नागरिकाने ग्रीन कार्ड किंवा आय-९४ सारखा नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा, असा फेडरल कायदा आहे. आपण बहुतेक जण तो घरी कपाटात ठेवतो. नुसत्या दिसण्यावरून फिरत्या गस्तीने गाडी थांबवू नये, असं १९७५ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने लॉस एंजेलिसच्या प्रकरणात खालच्या कोर्टाची मनाई अंतरिम आदेशाने उठवली, तेव्हापासून ती जमीन पायाखाली पूर्वीसारखी घट्ट राहिलेली नाही. म्हणून प्रत जवळ ठेवा, आणि "मी अमेरिकन नागरिक आहे" असं खोटं कधीही, घाबरूनही, बोलू नका. त्याची भरपाई पुढे जवळजवळ होत नाही.

आता भाड्याच्या गाड्या. मार्च २०१९ मध्ये आपल्याच रॉबिन्सव्हिलची एक विद्यार्थिनी साउथ कॅरोलायनात मध्यरात्रीनंतर बोलावलेली गाडी समजून भलत्याच गाडीत बसली आणि मारली गेली. मागच्या दारांना लहान मुलांसाठी असतं ते कुलूप लावलेलं होतं. तिच्या नावाने न्यू जर्सीत 'सॅमीज लॉ' झाला, पुढे केंद्रातही. त्यातून आलेला धडा अगदी छोटा आहे. नंबर प्लेट जुळवायची, आणि ड्रायव्हरला आपलं नाव सांगायचं नाही, त्यालाच विचारायचं की "कुणाला न्यायला आलात?" आपले आई-वडील इथे येतात तेव्हा नेमकं उलटं करतात. गाडी दिसली की "सुनीलसाठी ना?" असं विचारतात. समोरचा कुणीही "येस" म्हणेल. भारतात राइड सुरू करायला पिन द्यावा लागतो, म्हणून त्यांना सवय आहे. इथे ती सोय बऱ्याचदा सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. तेवढं त्यांच्या फोनवर करून द्या.

अर्थात नंबर जुळला म्हणजे सगळं झालं असं नाही. २००७ मध्ये पुण्यात बीपीओतली मुलगी रात्रपाळीला निघाली ती कंपनीने ठरवलेल्या कॅबमधूनच, आणि तिचा खून त्या कॅबच्या ड्रायव्हरने साथीदारासह केला. म्हणून प्रवासाची लिंक कुणाला तरी पाठवा. पाठवण्यात भित्रेपणा नाही, आणि मुलींनाच सांगून मुलांना वगळण्याचंही कारण नाही.

शेवटी खुद्द गाडीबद्दल. पोलिसाला डिकी उघडू द्यायची नाही हे शिकलो, आणि गाडी मात्र रोज आपली चुगली करते. २०२३ मध्ये मोझिला फाउंडेशनने पंचवीस ब्रँडच्या गाड्यांची गोपनीयता तपासली, एकही पास झाला नाही. जनरल मोटर्स ड्रायव्हरने ब्रेक किती जोरात मारला, रात्री किती उशिरा चालवली, असली माहिती पुढे विकत होती. ती इन्शुरन्स कंपन्यांपर्यंत पोचली आणि लोकांचे हप्ते वाढले. फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये त्याविरुद्ध कारवाई जाहीर केली. तिथेही मूळ 'हो' आपलंच होतं, शोरूममध्ये घाईघाईत दाबलेल्या बटणाचं. घरी गेल्यावर गाडीच्या अ‍ॅपमध्ये 'स्मार्ट' आणि 'ड्रायव्हर' हे शब्द जिथे दिसतील तिथे जरा थांबून वाचा. आणि भाड्याने घेतलेली गाडी परत करताना तिला जोडलेला फोन पुसून टाका. आदल्या माणसाच्या बायकोचा, आईचा, बॉसचा नंबर मी स्वतः स्क्रीनवर पाहिला आहे.

त्या मुलीची आणि माझी मधे एकदा दिवाळीच्या कार्यक्रमात भेट झाली. तिला दोन मुलं आहेत, छान चाललं आहे. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "दादा, तुम्ही अजून कारपूल करता?" करतो म्हटलं. आता माझ्या गाडीत नवीन माणूस बसला की सीटबेल्टबरोबर एक वाक्य सांगतो: थांबवलं तर गाडीबद्दल मी बोलेन, बॅगेबद्दल तुम्ही. काही जण हसतात.

मागच्या टेबलावर इंग्रजीतल्या चार वाक्यांची कार्डं छापून ठेवली आहेत, लायसन्सच्या मागे मावतील अशी. आपल्यात आज एक वकील मैत्रीण बसल्या आहेत. मी कुठे चुकलो असेन ते त्या सांगतील, आणि माझ्यापेक्षा अवघड प्रश्न त्यांनाच विचारा.