झाडू कुणाच्या हातात?

(खराडी येथे शिक्षिका व कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज माझ्याच एका फसलेल्या शिबिराबद्दल बोलणार आहे. खराडी 1997 साली पुणे महापालिकेत आली. पुढे शेतांच्या जागी आयटी कंपन्यांचे टॉवर उभे राहिले आणि तिथे झाडलोट करणाऱ्या बायांची मुलं इथल्या शाळांत आली. अशाच एका शाळेत मी शिक्षिकांसाठी स्त्री-पुरुष समानतेवर एक दिवसाचं शिबिर घेतलं. गटचर्चा झाली, गाणी झाली, अभिप्राय इतके छान की मीच खूष! महिन्याभरानं गेले, तर मुली वर्ग झाडत होत्या आणि मुलगे मैदानात.

मला बाईंचाच राग आला. पण भरलेला वर्ग, निवडणुकीची नि सर्वेक्षणाची कामं, घरी गेल्यावर स्वयंपाक, हे सगळं सांभाळून त्यांनी एका दिवसात बदलावं, ही अपेक्षा माझी होती.

एका बाईंनी मात्र झाडण्याच्या पाळ्या लावल्या होत्या. आठवड्यात एका मुलाची आई भांडायला आली. "मी दिवसभर लोकांच्या फरश्या पुसते, ते पोरानं झाडू धरावा म्हणून?" बाईंना उत्तर सुचेना. मुख्याध्यापिका म्हणाल्या, कशाला नसती कटकट! पाळ्या बंद झाल्या. त्या दिवशी बाईंच्या बाजूला कुणी नव्हतं, मीही नव्हते.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडतानाचं चित्र आलं. छानच झालं. पण ते पान उघडून वर्गात बोलायचं कुणी? बाईंनीच ना?

साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसोबत ज्ञानरचनावादी पद्धतीनं काम उभं केलं. राज्यभरातले शिक्षक ते वर्ग पाहायला गेले. 2015 मध्ये शासनानं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम काढला. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की शिक्षकांनी दुसऱ्या शिक्षकाचा चालता वर्ग पाहिला. माझ्या भाषणापेक्षा ते अधिक पटतं. नुसत्या फरशीवर आकृत्या रंगवल्या, तर रंगाचा खर्च तेवढा होतो.

दुसऱ्या खेपेला मी आधी मुख्याध्यापिकांशी बसले. मग दोन-दोन बाईंच्या जोड्या केल्या, एकमेकींचा वर्ग पाहायला. मी पंधरा दिवसांनी जाऊन मागच्या बाकावर बसते. सुरुवातीला वही न्यायचे, पण ती पाहून बाई तपासणीसारख्या ताठ व्हायच्या. आता नेत नाही.

बंद झालेल्या पाळ्यांसाठी बाई आणि मी त्या आईच्या घरी गेलो. चहा झाला. त्या म्हणाल्या, "पोराला नको तर पोरीलाही नको. शाळेला शिपाई द्या." आम्ही गप्पच झालो. आम्ही मुलामुलींची समानता घेऊन गेलो होतो, त्यांनी झाडू धरणाऱ्या बाईचा मान समोर ठेवला. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आम्ही त्यांना हे सांगितलं. समितीच्या पुढच्या बैठकीत शिपायाचा विषय त्या मांडणार आहेत, बाई त्यांच्या शेजारी बसणार आहेत. तोवर पाळ्या पुन्हा सुरू झाल्यात, मुलामुलींच्या, आणि सोमवारी बाईंची स्वतःची. तुमच्यापैकी दोघी-तिघींनी एखाद्या सोमवारी माझ्याबरोबर तो वर्ग पाहायला यावं.