छत बोलतं, पण सगळंच नाही

मी उंब्रजचा, तारळी जिथं कृष्णेला मिळते तिथला. खाणकामाचा डिप्लोमा केला आणि आता नागपूरकडच्या एका भूमिगत कोळसा खाणीत ओव्हरमन आहे. ओव्हरमन म्हणजे एका पाळीत खाणीच्या ठरावीक भागाची जबाबदारी ज्याच्यावर असते तो. सुट्टीला गावी आलो की पोरं एकच विचारतात, "दादा, आत पाणी घुसलं तर?"

हा प्रश्न सिनेमानं दिलाय. 'काला पत्थर' बघा, त्याच्यामागं १९७५ ची चासनाला दुर्घटना आहे. 'मिशन रानीगंज' बघा, ती १९८९ ची गोष्ट. दोन्हीकडं पाणीच. पाण्याची भीती खरी आहे, पण आपल्या देशातल्या भूमिगत कोळसा खाणींत वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त माणसं गेली ती छत आणि बाजूचा कोळसा अंगावर येऊन. एका वेळी एक, कधी दोन. त्यामुळं त्याचा सिनेमा होत नाही, आणि बातमी आली तरी आतल्या पानावर चार ओळींची. २०२३ च्या नोव्हेंबरात सिल्क्यारा बोगद्यात ४१ कामगार अडकले, तेव्हा १७ दिवस आपण सगळे फोनला चिकटून होतो. एकट्या माणसावर छत पडतं तेव्हा कोणी फोन उघडत नाही. म्हणून आज फक्त छताबद्दल बोलतो.

आधी दगडाचं बघू. उंब्रजहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो. आपला सगळा इलाखा लाव्हारसाच्या दगडाचा. विहीर खणणाऱ्याला विचारा, माती, मुरूम, मग काळा पाषाण. चांगला काळा पाषाण लागला की सुरुंगाशिवाय हलत नाही. असल्या दगडात कोळसा मिळत नाही. कोळसा मिळतो विदर्भात, चंद्रपूर, वणी, उमरेड, कामठी, सावनेर या पट्ट्यात. तिथले खडक आपल्या पाषाणापेक्षा कितीतरी जुने आणि गाळाचे. वाळूचा दगड, त्यावर चिकणमातीचा दगड, मधे कोळसा, परत वाळूचा दगड. थरावर थर. आम्ही कोळशाचा थर काढतो आणि वरचा थर आमचं छत होतो. म्हणजे छत आम्ही बांधत नाही, जे आहे त्याच्याखाली काम करतो.

आता वजनाचा हिशेब. तिथला दगड घनमीटरला साधारण अडीच टन धरा. १०० मीटर खोल गेलात तर एका चौरस मीटरवर अडीचशे टन. दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर वीस टनांचा धरला, तर एका चौरस मीटरवर बारा ट्रॅक्टरचा ऊस झाला. एवढं वजन कोण पेलतं? कोळसाच पेलतो. आम्ही सगळा कोळसा एकदम काढत नाही. गल्ल्या काढत जातो, त्यांना गॅलरी म्हणतात, आणि मधे कोळशाचे चौकोनी खांब ठेवतो, ते पिलर. वरून नकाशा बघितलात तर आखीव पेठेसारखा दिसतो.

पिलर केवढा ठेवायचा हे मनावर नाही, कायद्यात तक्ता आहे. गॅलरी ४.८ मीटर रुंद असेल, तर ६० मीटर खोलीपर्यंत एका पिलरच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत किमान १९.५ मीटर लागतात. २४० ते ३६० मीटर खोलीवर तेच अंतर ४५ मीटर होतं. घरी कागदावर करून बघा. पहिल्या वेळी त्या थराचा सुमारे ४३ टक्के कोळसा निघतो, दुसऱ्या वेळी जेमतेम २०. बाकीचा डोंगर धरून उभा राहतो.

हे आकडे जीव जाऊन आलेत. २१ जानेवारी १९६० ला दक्षिण आफ्रिकेत कोलब्रुक खाणीत पिलर एकामागोमाग एक चिरडले, चारशेहून जास्त माणसं आत राहिली. त्यानंतर सॅलमन आणि मन्रो या दोघांनी तिथल्या १२५ ठिकाणच्या पिलरची नोंद घेतली. ९८ ठिकाणी उभे होते, २७ ठिकाणी कोसळलेले. त्यातून १९६७ मध्ये पिलरच्या ताकदीचं सूत्र निघालं. पुढं धनबादच्या संशोधन संस्थेनं आपल्या कोळशासाठी आपलं सूत्र काढलं.

पिलर डोंगर धरतो. पण दोन पिलरच्या मधलं, तुमच्या डोक्यावरचं पाच मीटरचं छत कोण धरतं? तिथं काम बोल्टचं. छताला दीड-दोन मीटरचं भोक पाडायचं, आत सिमेंटची किंवा रेझिनची कॅप्सूल, मग लोखंडी सळई, खाली पत्रा आणि नट. लोकांना वाटतं बोल्टनं छत टांगलंय. कधी कधी तसं असतंही. पण मुख्य काम शिवायचं. आपल्या घरची वाकळ आठवा. जुन्या लुगड्यांचे थर नुसते एकावर एक ठेवले तर सरकतात. टाके घातले की एक जाड कापड होतं. दगडाचंही तेच. सारख्या जाडीचे चार सुटे थर पक्के एकजीव केले, तर हिशेबानं ते सोळा पट कमी वाकतात. म्हणून टाका थर सुटायच्या आत पडायला लागतो. उशिरा मारलेला बोल्ट सुटलेल्या थराला नुसता लटकवून ठेवतो.

आता येतो 'छत बोलतं' या वाक्यावर. जुने कामगार हे सांगतात आणि ते खोटं नाही. पूर्वी लाकडी प्रॉप असायचे. वजन वाढलं की लाकूड कडकड करायचं, माणसं पळायची. छतातून बारीक माती गळायला लागते, पाण्याचे थेंब वाढतात, पिलरच्या अंगाचे कोळशाचे पापुद्रे सुटतात. हे सगळं बोलणंच. आमचा मायनिंग सिरदार काठीनं छत ठोकून बघतो, आपण माठ घेताना बघतो तसं. टणटणीत आवाज आला तर बरं, ढब ढब आला तर थर सुटलाय. मग बोल्ट मारलेल्या छताखाली उभं राहून लांब पहारेनं सुटा दगड पाडायचा.

पण सगळं छत बोलत नाही. दगडात कधी कधी आरशासारखे गुळगुळीत सांधे असतात, आम्ही त्यांना स्लिप म्हणतो. दोन स्लिप वर जाऊन एकमेकांना मिळाल्या की मधला दगड नुसता पाचरीसारखा अडकलेला असतो. ठोकलं तर आवाज टणटणीत येऊ शकतो, कारण दगड आतून चांगलाच आहे, फक्त त्याला धरणारं काही नाही. तो येतो तेव्हा आधी कळवत नाही. आणि लोखंडी बोल्ट लाकडासारखा कडकडेलच असं नाही. म्हणून आता छतात टेल-टेल बसवतात. साधं उपकरण आहे, वरचे थर किती मिलिमीटर सुटले ते रंगीत पट्ट्यांवर दिसतं. कान आणि काठी लागतेच, पण ती बोल्टच्या जागी चालत नाही.

यातून एक नियम येतो. बोल्टची शेवटची ओळ संपली की पुढं कोणी जायचं नाही. सुरुंग झाल्यावर जे नवं छत उघडं पडतं ते कितीही चांगलं दिसलं तरी तिथं, आधार देणारे सोडले तर, कोणाचं काम नाही. आणि आधार देणाऱ्यांनी पण आधी तात्पुरता आधार लावूनच पुढं सरकायचं.

हा नियम सगळ्यांना पाठ आहे. मग मोडतो कोण? एक प्रसंग सांगतो. आमच्या पाळीत एक नवा पोरगा होता, एकवीस-बावीसचा. ड्रिलची सळई शेवटच्या बोल्टच्या दोन पावलं पुढं पडलेली. तो निघाला. मी थांबवलं. म्हणाला, "साहेब, दोनच पावलं आहेत. कालपण आणली होती." मी त्याला बाजूला बसवलं, आधार लागेपर्यंत वीस मिनिटं गेली, कोळसा भरायचं यंत्र उभं राहिलं. वरून फोन आला, टार्गेटचं काय? आणि त्या वीस मिनिटांत छतातून खडासुद्धा पडला नाही.

अडचण नेमकी हीच आहे. नियम मोडला तरी बहुतेक वेळा काही होत नाही. शंभर वेळा सळई आणली आणि काही झालं नाही, की माणसाला वाटतं आपल्याला छत कळायला लागलं. खरं तर त्याला छत कळलेलं नसतं, सवय लागलेली असते. आणि थांबवणाऱ्याकडं दाखवायला काहीच नसतं. वाया गेलेली वीस मिनिटं सगळ्यांना दिसतात, वाचलेला माणूस दिसत नाही, कारण तो जेवणाचा डबा उघडून शेजारीच बसलेला असतो. त्या पोराला मी एवढंच म्हणालो, "काल पडलं नाही हे छतानं दिलेलं वचन नाही." थांबवायचा अधिकार कायद्यानं सिरदारला आणि ओव्हरमनला दिलाय. धोका दिसला तर माणसं बाहेर काढायची, टार्गेट मग. पण तो अधिकार वापरणाऱ्याच्या मागं पाळीतली माणसं उभी राहिली तरच तो टिकतो.

तुमच्यापैकी खाणीत फार कोणी येणार नाही. पण आपल्याकडची पोरं विहिरीच्या कामावर जातात, दगडाच्या खाणीत जातात, बोगद्यांच्या साइटवर सुपरवायझर म्हणून लागतात. तिथं पहिल्या दिवशी तीन गोष्टी विचारा. आधार दिलेला भाग नेमका कुठं संपतो, हात करून दाखवा. आज कामाआधी छत किंवा दरड कोणी तपासली, त्याचं नाव काय. आणि काम थांबवायचा अधिकार कोणाला आहे, तो माणूस आत्ता साइटवर आहे का. तिन्हीची उत्तरं मिळाली नाहीत तर खाली उतरू नका. मुकादम हसेल, हसू दे.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या ओळखीत कोणी विहिरीत, खाणीत किंवा बोगद्यात कामाला असेल तर हा भाग त्याला पाठवा, आणि त्याच्या साइटवर ही तीन उत्तरं काय मिळाली ते आम्हाला व्हॉइस मेसेजनं कळवा. राम राम.