वृद्ध अश्वाचा पालटता रंग

उतारवयातील घोड्याचा रंग पालटला, की ‘आता वयच झाले’ असे म्हणून विषय संपविला जातो. परंतु प्रत्येक पालट वयाचा नसतो. सब्जा घोडा जन्मतः काळा वा तांबडा असून पुढे काही वर्षांत पांढरा होतो. हा आनुवंशिक गुण होय. २००८ साली त्याचे जनुकीय कारणही उलगडले. मात्र हा शुभ्रपणा निर्धास्त नव्हे. पंधरा वर्षांवरील अशा घोड्यांपैकी सुमारे ७० ते ८० टक्क्यांना काळ्या गाठी होतात, बहुधा शेपटीखाली. खरारा करताना शेपूट उचलून पाहण्याचे कष्ट किती जण घेतात? खोगिराखाली उगवणारे पांढरे केस निराळे; ती जुन्या जखमेची खूण. तेथे खोगीर तपासावे.

याहून फसवा प्रकार दुसरा. म्हाताऱ्या घोड्याचे केस लांब व दाट होतात, उन्हाळ्यातही झडत नाहीत, क्वचित रंगही फिकटतो. घोडा पाणी फार पितो, पाठ खंगते, खुरांना दाह होऊन तो लंगडतो. हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीचा विकार होय. रक्ततपासणीने तो ओळखता येतो. तो समूळ बरा होत नसला, तरी पर्गोलाइड या औषधाने बहुधा आटोक्यात राहतो. म्हणून केस नुसते कातरून न थांबता घोडा पशुवैद्यकास दाखवावा.