लिथुआनियन क्रियापदाची पहिली पायरी
घरबसल्या लिथुआनियन शिकायची असेल, तर वर्तमानकाळापासून सुरुवात करा. 'दिर्ब्ती' म्हणजे काम करणे. पुरुष असो वा स्त्री, मी 'दिर्बु', तू 'दिर्बी', आम्ही 'दिर्बामे', तुम्ही 'दिर्बाते'. आणि तो, ती, ते, त्या सगळ्यांना एकच रूप, 'दिर्बा'. आपल्या 'करतो, करते, करतात'पेक्षा किती सुटसुटीत! हे तिसऱ्या पुरुषाचं रूप आ, इ किंवा ओ यांपैकी कशाने संपतं, त्यावरून क्रियापदांचे तीन गट पडतात. म्हणून प्रत्येक क्रियापद या रूपासकट पाठ करा. आता एक ओळखीचं रूप: 'तू आहेस' म्हणजे लिथुआनियनमध्ये 'एसी', संस्कृतात 'असि'. या दोन भाषांचं नातं जुनं आहे. ही रूपं मोठ्यानं म्हणून पाहा.