महामार्गावरची अदृश्य जखम

(वासंतिक व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



लासलगावच्या बाजारात भरलेला कांदा गुवाहाटीच्या स्वयंपाकघरात पोहोचतो, तेव्हा त्याने अडीच हजार किलोमीटरांहून अधिक अंतर कापलेले असते. आपल्या घरातील गहू, औषधे, मुलांच्या वह्या, देवघरातील उदबत्ती यांतील बहुतेक वस्तू कधी ना कधी ट्रकमध्ये चढलेल्या असतात. त्या आणणाऱ्या माणसाशी मात्र आपला परिचय किती? घाटात वाट अडवली म्हणून, समोरून प्रखर दिवे टाकले म्हणून त्याला दोन कडू शब्द ऐकवायचे, एवढाच! त्याच्या पाठदुखीची, रक्तदाबाची, डोळ्यांची तपासणी करणारी शिबिरे आता होतात आणि ते स्वागतार्हच आहे. त्याच्या मनाची विचारपूस मात्र क्वचितच होते. आजचा विषय त्या मनाचा आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे प्राणास मुकली. या आकड्यामागे तितक्याच घरांतील आक्रोश आहे. त्या दुःखाला प्रथम नमस्कार करूनच पुढे बोलले पाहिजे. परंतु या प्रत्येक अपघाताचे साक्षीदारही असतात. वीस वर्षे महामार्गावर काढलेल्या चालकाने किती उलटलेली वाहने पाहिली असतील, केबिनमध्ये अडकलेल्या किती सहकाऱ्यांच्या हाका ऐकल्या असतील? सामान्य माणसाला आयुष्यात एखादा असा प्रसंग पाहावा लागतो आणि तो जन्मभर विसरत नाही. चालकाला तो पाहून पुढच्या चौकीपर्यंत वेळेत पोहोचायचे असते.

त्या रात्रीनंतर

असा एखादा चालक डोळ्यांसमोर आणा. दुष्काळी पट्ट्यातील गाव, दोन एकर कोरडवाहू जमीन, घरी आई, बायको, दोन मुले. पहाटेचे तीन वाजले आहेत. दिवा नसलेली एक दुचाकी आडरस्त्याने अकस्मात महामार्गावर येते. ब्रेक दाबला जातो, पण भरलेला ट्रक जागच्या जागी थांबत नाही. दोष कोणाचा, हे न्यायालय यथाकाल ठरवील. त्या क्षणी चालकाला दोनच गोष्टी दिसतात. रस्त्यावर पडलेला माणूस आणि दुरून धावत येणारे लोक.

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १३४ चालकावर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे कर्तव्य टाकते. त्याच कलमात एक अपवादही आहे. जमावाच्या प्रक्षोभामुळे ते शक्य नसेल, तर ही सक्ती नाही. कायदा करणाऱ्यांनाही जमाव गृहीत धरावा लागला! आपल्या समाजाविषयीचे हे मूक प्रमाणपत्र फारसे भूषणावह नाही. त्या अंधारात चालक थांबला तर मार खातो, पळाला तर गुन्हेगार ठरतो. पळून जाणे समर्थनीय नाहीच, कारण त्या मिनिटांत जखमीचा जीव वाचू शकला असता. पण जो पळाला तोही सुटत नाही. 'थांबलो असतो तर तो वाचला असता का?' हा प्रश्न त्याच्या शेजारच्या आसनावर येऊन बसतो आणि पुढे शेकडो किलोमीटर उतरत नाही.

मनाचा घाव म्हणजे काय?

हा भित्रेपणा नव्हे आणि भूतबाधाही नव्हे. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेले सैनिक थरथरत, रात्री ओरडत उठत. त्यांना बाहेरून जखम नव्हती, म्हणून पुष्कळांना भ्याड ठरवण्यात आले. व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० मध्ये, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर तणावविकाराला अधिकृत व्याधी म्हणून मान्यता दिली. आपल्याला इतके दूर जाण्याचेही कारण नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. धरणी शांत झाल्यावरही कितीतरी लोक छताखाली झोपायला धजत नव्हते. संकट सरले होते, पण मनाला ते सरल्याचे पटत नव्हते.

चालकाचेही तसेच होते. घडलेला प्रसंग आठवत नाही, तो पुन्हा घडतो. तोच आवाज, तोच रस्त्यावरचा काच-चुरा. त्या वळणापाशी आल्यावर छाती धडधडते, हातांना घाम सुटतो. झोप लागत नाही, लागली तर दचकून मोडते. कोणी हॉर्न वाजवला तरी अंगावर काटा येतो. घरी आल्यावर तो मुलांवर विनाकारण खेकसतो किंवा तासन् तास गप्प बसून राहतो. असा आघात झालेल्या प्रत्येकाला ही व्याधी जडते असे नाही. विश्रांती आणि आपल्या माणसांची सोबत मिळाली, तर बहुतेकांचे मन काही आठवड्यांत सावरते. महिन्याहून अधिक काळ ही लक्षणे राहिली, तर मात्र वैद्यकीय उपचार हवेत. समुपदेशनाच्या विशिष्ट पद्धती आणि गरजेनुसार औषधे यांनी हा विकार आटोक्यात येतो, कित्येकदा पूर्ण बराही होतो.

सावरायला सवड कुठे?

मन सावरायला जे लागते, नेमके तेच या व्यवसायात दुर्मीळ आहे. झोप नाही, घर दूर, बोलायला कोणी नाही. पूर्वी गाडीवर क्लीनर असे. 'उस्ताद, जरा थांबू या' असे म्हणणारा तो एक तरी आवाज होता. खर्च वाचवण्यासाठी अनेक गाड्यांवरून तोही गेला. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती, लांब पल्ल्यासाठी दिवसाला दहा तासांपर्यंत सवलत होती. पण मूळ कायदा पाच वा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांपुरता होता आणि आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालकच असंख्य. हा कायदा पुढे २०२० च्या कामगारविषयक संहितेत सामावून घेण्यात आला. कागद बदलला, तरी पहाटेपर्यंत माल पोहोचवण्याचा तगादा तोच आहे.

मग जागे राहण्यासाठी कोणी तंबाखूचा बार भरतो, उत्तरेच्या मार्गांवर कोणी अफूच्या बोंडांची भुकटी घेतो आणि झोप यावी म्हणून दारू. आपण त्याला व्यसनी म्हणून मोकळे होतो. ते व्यसन कित्येकदा न बांधलेल्या जखमेवरची स्वतःच शोधलेली पट्टी असते. ती पट्टी जखम चिघळवते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. झोपेवाचून, नशेच्या आधाराने चालणारा हा चालक पुढच्या अपघाताचे कारण होऊ शकतो. म्हणून त्याच्या मनाची काळजी घेणे ही केवळ दया नव्हे, आपल्याच लेकराबाळांच्या सुरक्षिततेची ती तजवीज आहे.

जर्मनीत रेल्वेगाडीखाली कोणी सापडले, तर चालकाला कामावरून मोकळे करून दुसऱ्या चालकाकडे गाडी सोपवतात आणि त्याला मानसिक आधार देतात. आपल्याकडे खरे तर याहून मोठी शक्ती आहे, ती कुटुंबाची आणि गावाची. ती महामार्गापर्यंत पोहोचत नाही, एवढाच प्रश्न आहे.

कायदा आणि समाज

जानेवारी २०२४ च्या आरंभी चालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, हे अनेकांना स्मरत असेल. अपघातात मृत्यू घडवून, न कळवता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये होती. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, तेव्हा हे उपकलम बाजूला ठेवण्यात आले. मृताच्या आप्तांना न्याय मिळालाच पाहिजे. पण चालक थांबावा असे वाटत असेल, तर थांबणे सुरक्षित करावे लागेल. २०१९ च्या दुरुस्तीने जखमीला मदत करणाऱ्या वाटसरूला कायद्याचे संरक्षण मिळाले. चालकाला जमावापासून वाचवण्यासाठी मात्र केवळ कायदा पुरणार नाही. तेथे माणसेच उभी राहिली पाहिजेत.

ही माणसे कोण? अपघातस्थळी प्रथम धावतात ते आसपासच्या गावांतील तरुण. त्यांत आपले कार्यकर्तेही असतात. जखमीला उचलण्यासाठी चौघे आणि चालकाभोवती कडे करण्यासाठी दोघे, ११२ क्रमांकावर एक फोन, इतकी शिस्त प्रत्येक महामार्गालगतच्या गावात रुजवता येणार नाही का? वाहतूकदारांनी ठरवावे की अपघातानंतर ती खेप दुसरा चालक पुरी करील आणि पहिल्याला काही दिवस पगारी रजा मिळेल. कुटुंबीयांनी त्याला खोदून खोदून विचारू नये. तो बोलेल तेव्हा मात्र मध्येच न तोडता ऐकावे आणि त्याची झोप जपावी. लक्षणे टिकली, किंवा तो जीव नकोसा झाल्याचे बोलू लागला, तर क्षणाचाही विलंब न करता वैद्यकीय मदत घ्यावी. २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली 'टेलि-मानस' ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. हा क्रमांक ट्रकच्या मागे नव्हे, आत, चालकाच्या डोळ्यांसमोर लिहिलेला असावा.

दसऱ्याला आपण वाहनाला झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, इंजिनाला कुंकू लावतो. यंत्राप्रती कृतज्ञता व्यक्त करणारी ही संस्कृती यंत्र चालवणाऱ्या हाताला विसरू शकत नाही. येत्या दसऱ्याला माळ घालून झाल्यावर त्या हातात आपट्याचे पान ठेवावे आणि क्षणभर थांबून विचारावे, 'दादा, झोप लागते ना नीट?' उत्तर ऐकायला मात्र वेळ काढून बसावे.